डायरेक्टरसाहेब हातावर जेवतात

कुआनिशचा आवाज गेला तो भर लग्नात, नवऱ्यामुलाच्या मामाला भाषणाला उभं करताना.

"आता येताहेत ते, ज्यांच्या एका शब्दावर..." एवढं तो म्हणाला, आणि पुढच्या शब्दाच्या जागी त्याच्या घशातून शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा आवाज आला. अख्खा हॉल खदखदून हसला. आसाबा माणूस, काय वाटेल ते करेल, असं लोकांना वाटलं. कुआनिशनं घोटभर पाणी पिऊन पुन्हा माईक तोंडाशी नेला. या खेपेला मांजरही नाही, नुसती हवा. मामा बिचारे हातात पेला धरून, चेहऱ्यावर नम्रता आणून तसेच उभे.

आमच्या कझाकांच्या लग्नात नवरा-नवरी आपली निमित्ताला असतात, लग्न लावतो तो आसाबा. कुणी कधी उठायचं, कुणी नाचायचं, कुठल्या व्याह्यापुढे मेंढ्याचं डोकं ठेवायचं, नवरीच्या आईनं नेमकं केव्हा रडायचं, सगळं माईक धरलेल्या त्या एका माणसाच्या तोंडावर चालतं. कुआनिशचं तोंड तीस वर्षं चाललं होतं. त्या दिवशी गावातला दुसरा आसाबा, मार्लेन, पाहुणा म्हणून जेवायला बसला होता. तो बुडत्याला वाचवायला धावावं तसा धावत आला आणि त्यानं वाचवला माईक.

आक्तोबेच्या इस्पितळात घशाच्या डॉक्टरीणबाईंनी कुआनिशच्या तोंडात आरसा घालून पाहिलं.

"स्वरतंतूंवर गाठी आल्यात. काय करता तुम्ही? बाजारात मेंढरं विकता?"

कुआनिशनं माईक धरल्याचा अभिनय केला.

"अच्छा, आसाबा! मग बरोबर. मार्चातल्या नौरूझच्या सणापर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्यानं जास्त ताण पडतो. नाहीतर सुरी लावावी लागेल."

त्यानं बोटातल्या लग्नाच्या अंगठीकडे खूण करून भुवया उंचावल्या. बायकोशीसुद्धा नाही?

"बायकोशी तर नाहीच," बाई म्हणाल्या. "तिलाही जरा विश्रांती."

घरी येऊन त्यानं डॉक्टरांचा कागद बायकोपुढे ठेवला. झाउरेशनं तो वाचला, पुन्हा वाचला, आणि हसता हसता तिला स्टुलावर बसावं लागलं. ती लांब पल्ल्याच्या गाडीत डब्याची सेविका होती. आल्मातीपर्यंत जायचं, चादरी वाटायच्या, चहा द्यायचा, दारुड्यांना वरच्या बाकावर चढवायचं आणि परत यायचं. असे हप्तेच्या हप्ते ती घराबाहेर असे. "आणि नेमकी उद्या माझी गाडी! नशीब बघा माझं. हा गप्प बसणार आणि मी बघायला इथं नसणार."

कुआनिशची आई दामेत्केन अपा चुलीशेजारी लोकर पिंजत होती. तिला फार कमी ऐकू यायचं. गावात तिला स्पष्ट ऐकू येणारा आवाज एकच, मुलाचा. तिनं सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि निकाल दिला, "रुसलाय. लहानपणी पण असाच रुसायचा."

या घरात आणखी एक प्राणी होता आणि कुआनिशच्या मौनाचा पहिला लाभ त्यालाच झाला. स्वयंपाकघराच्या खिडकीशी पिंजऱ्यात एक कॉकाटील जातीचा छोटा पोपट राहायचा. अंगानं राखाडी, गालांवर शेंदरी ठिपके आणि डोक्यावर पिवळा तुरा. मुलगी मदिना कॉलेजात असताना तिनं हौसेनं आणला होता. तुरा वर करून सगळ्यांकडे तुच्छतेनं बघायची त्याची पद्धत थेट तिच्या कॉलेजच्या संचालकांसारखी, म्हणून नाव ठेवलं डायरेक्टर. मग मदिनाचं लग्न झालं, नवऱ्याला पिसांनी शिंका यायला लागल्या आणि डायरेक्टरसाहेबांची बदली आईबापांकडे झाली.

झाउरेशच्या खांद्यावर तो बसायचा, तिच्या कानातल्या डुलाशी खेळायचा, तिच्या हातून खायचा. कुआनिश दारातून आत आला की मात्र तुरा डोक्याला चिकटायचा, मान खाली जायची आणि चोचीतून तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज यायचा. कुआनिशनं घसा खाकरला तर गडी दांडीवरून खाली पडायचा. कुआनिशला त्याचं काही वाटत नसे. गावात त्याच्यावर जीव टाकणारी माणसं कमी नव्हती. एका चिमणीएवढ्या जिवाचं कोण मनावर घेतो?

निघताना झाउरेशनं बजावलं, "सकाळी वाटीत दाणा, ताजं पाणी. वाटी बाहेरच्या बाजूनं फिरवायची. पिंजऱ्यात हात घालायचा नाही. समजलं? मान हलव."

त्यानं मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी हात घातला. वाटी अडकली होती, आणि बाहेरून फिरवण्याइतका धीर त्याच्या खानदानात कुणाला नव्हता. डायरेक्टरनं अंगठा आणि तर्जनीच्या मधली मऊ जागा हेरली आणि चोच अशी मिटली की बास.

ओरडायची बंदी असलेल्या माणसाला चावलं तर तो काय करतो? कुआनिशनं स्वयंपाकघरात जो नाच केला तसा त्यानं कुठल्या लग्नातही कुणाकडून करवून घेतला नव्हता. एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, तोंड चुलीएवढं उघडं आणि आवाज शून्य. दामेत्केन अपा कौतुकानं बघत होती. "आता जरा बरा दिसतोयस," ती म्हणाली.

बाहेर थंडी अशी की थुंकी जमिनीवर पडेपर्यंत गोठायची. कुठं जाणार? चहाच्या दुकानात जावं तर लोक विचारणार, आणि उत्तर देता न येणं ही कुआनिशला नागवं फिरण्यासारखी गोष्ट वाटायची. एकदा गेला होता. तिथं कळलं की नौरूझपर्यंतची त्याची सगळी लग्नं मार्लेनकडे गेलीत, शिवाय मार्लेननं धूर सोडायचं यंत्र आणलंय. कुआनिश घरी आला, कोट काढला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. डायरेक्टरनं फुस्स केलं.

कुआनिशच्या डोक्यात तिडीक गेली. दोन घराण्यांची जुनी भांडणं ज्यानं एका टेबलाशी बसवली, पिऊन तर्र झालेल्या पैलवानांना ज्यानं वरमायांबरोबर नाचवलं, त्या माणसाला हे मूठभर पीस भीक घालत नाही? दुसरं काही कामही नव्हतं. त्यानं ठरवलं, झाउरेश परत यायच्या आत हा माझ्या हातावर जेवेल.

सुरुवात त्यानं आपल्या धंद्याच्या रीतीनं केली. छाती पुढे काढली, हात पसरले, तोंडभर हसू आणलं आणि तळहातावर दाणे घेऊन पिंजऱ्याकडे अशी चाल केली, जशी तो नवरदेवाच्या आजोबांना मंचावर आणायला करायचा. डायरेक्टर पिंजऱ्याच्या मागच्या सळ्यांवर आडवा चिकटला आणि तासभर तिथंच राहिला.

"उपाशी ठेव," दामेत्केन अपानं चुलीपासून सल्ला दिला. "झक मारत येईल. तुझ्या बापाला मी असंच माणसात आणलं."

कुआनिशनं जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं. बाकी काही असो, झाउरेशच्या दाण्यापाण्याच्या हुकमाला हात लावायची त्याची छाती नव्हती.

"मग नजर लागली असेल त्याला." असं म्हणून अपानं तव्यावर वाळलेल्या आद्रासपानच्या काड्या टाकल्या आणि तो तवा पिंजऱ्याभोवती ओवाळला. घरात नजरेची धुरी देणं हे तिचं सर्व रोगांवरचं औषध. एवढंसं पाखरू ते, धुरात चोच वासून धापा टाकायला लागलं. कुआनिशनं खिडकी सताड उघडली तर आत बर्फाचा वारा. खिडकी लावली, पिंजऱ्यावर स्वतःचा कोट टाकला, सगळंच्या सगळं बगलेत मारून तो दुसऱ्या खोलीत पळाला आणि पलंगाच्या कडेला बसला. कोटाच्या फटीतून त्याला डायरेक्टरचा एक डोळा दिसला. मिटत होता, उघडत होता. कुआनिश घाबरला. झाउरेशला काय सांगणार, हा प्रश्न होताच, पण तो नंतर आला. आधी त्याला वाटलं, मरू नको रे बाबा.

डायरेक्टर मेला नाही. थोड्या वेळानं त्यानं अंग फुगवून झटकलं आणि कुआनिशला बघून फुस्स केलं. ते ऐकून कुआनिशला आयुष्यात पहिल्यांदा शिवी खाऊन आनंद झाला.

संध्याकाळी झाउरेशचा व्हिडिओवर फोन आला. ती गाडीतल्या आपल्या खुराड्याएवढ्या खोलीत चहा घेऊन बसली होती. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला, हाताला गुंडाळलेली पट्टी पाहिली. "घातलास ना हात?"

त्यानं मान हलवली. मग पिंजऱ्याकडे बोट, तळहाताकडे बोट, तोंडाकडे बोट, आणि शेवटी दोन्ही हात जोडले.

"तुला त्याला हातानं भरवायचंय?" झाउरेश हसली नाही. तिनं चहाचा पेला खाली ठेवला. "कशाला? मला दाखवायला?"

त्यानं प्रामाणिकपणे मान हलवली.

"निदान खोटं तरी बोलत नाहीस. बोलता येत नाही म्हणून असेल. हे बघ, दाण्याच्या डब्यामागे राळ्याची कणसं बांधून ठेवलीत. त्याला जीव की प्राण. ती वाटीत टाकायची नाहीत. रोजचं खाणं वाटीत भरपूर, पण कणीस फक्त तुझ्या हातातून. आणि समोर जाऊन उभा राहू नकोस. तू माणूस नाहीस त्याच्या लेखी, डोंगर आहेस. बाजूला खुर्ची टाकून बस. त्याच्याकडे बघू नकोस. कणीस लांब टोकाला धरायचं, सळीला नुसतं टेकवायचं, आत घुसवायचं नाही. आला तर आला."

कुआनिशनं मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. किती वेळ?

"त्याला वाटेल तितका. आणि त्यानं एक दाणा घेतला की तू उठायचं. त्याला कंटाळा यायच्या आत. तू आजवर कुठनं तरी वेळेवर उठून गेलायस का रे? नसशील. म्हणून सांगते, शीक."

मग तिनं पेला पुन्हा उचलून एक घोट घेतला. गाडीचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. एरवी अशा वेळी कुआनिशनं एखादं लग्न सांगायला घेतलं असतं.

"मी बसायचे त्याच्यापाशी," झाउरेश म्हणाली. "तू लग्नाला गेलास की. त्याला हळू आवाजात स्टेशनांची नावं सांगायचे, कांदिआगाश, शाल्कार, अराल, सगळी ओळीनं. दुसरं काय सांगणार? घरात बोलायचास तू. तीन लग्नं सांगून झाल्यावर तू विचारायचास, तुझं काय? आणि मी तोंड उघडेपर्यंत तुला चौथं आठवायचं. एकदा माझ्या डब्यात एक बाई बाळंत झाली. माझ्या हातांवर. अरालच्या अलीकडे, गाडी भर माळावर थांबवली होती. मी घरी आले तुला सांगायला, तर तुझ्या त्या लग्नात कुणा व्याह्याची पँट फाटली होती. मग राहूनच गेलं."

कुआनिशला ती पँट स्पष्ट आठवत होती. त्या पँटवर त्यानं वर्षभर लोक हसवले होते. त्यानं घाईघाईनं काहीतरी टाइप केलं.

"मला दिसत नाही, चष्मा वर ठेवलाय. हातानं सांग."

तेव्हा त्यानं हातांनीच विचारलं. मुलगा की मुलगी? हे हातांनी विचारायला त्यानं ज्या खुणा केल्या त्या नेमक्या झाउरेशच्या मागून जाणाऱ्या दुसऱ्या सेविकेनं पाहिल्या आणि ती तोंडावर हात ठेवून पळाली.

"मुलगी, गधड्या," झाउरेश म्हणाली. हसता हसता तिनं डोळे पुसले. "मुलगी झाली."

दुसऱ्या दिवसापासून कुआनिश खुर्ची टाकून बसायला लागला. पिंजऱ्याला खांदा करून, खिडकीबाहेरच्या बर्फाकडे तोंड, हातात राळ्याचं कणीस. हात भरून यायचा. नाक खाजायचं. आपल्याला स्वस्थ बसता येत नाही हे त्याला तेव्हा कळलं. गुडघा आपोआप उडायचा, बोटं आपोआप ताल धरायची, आणि गुडघा उडाला की डायरेक्टरचा तुरा आडवा व्हायचा. दामेत्केन अपा येऊन बघायची आणि जायची. एकदा ती शेजारणीला सांगताना त्यानं ऐकलं, "खिडकीशी बसून मासे धरतोय."

मग एका सकाळी कणसाला किंचित ओढ लागली. कुआनिशनं श्वास रोखला. पुन्हा ओढ. बारीक कट्-कट् आवाज आणि टरफल खाली पडलं. लग्नात पाच-पाचशे माणसं त्याच्या इशाऱ्यावर उभी राहायची तेव्हाही तो एवढा खूश झाला नव्हता. उठायचं होतं, बायकोनं सांगितलं होतं, पण उठवेना. आणखी एक दाणा, आणखी एक, असं करता करता तो बसून राहिला आणि त्याला शिंक आली.

कुआनिशची शिंक म्हणजे शिंक नव्हे. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती, शिंकेचं नाव काढलं नव्हतं. बाहेर कुत्रा भुंकला. अपाला ऐकू गेलं, "देव बरं करो!" ती आनंदानं ओरडली, मुलाचा आवाज परत आला समजून. डायरेक्टर पिंजऱ्याच्या तळाशी पाण्याच्या वाटीत उताणा पडला होता.

पुन्हा पहिल्यापासून. आता तर कणीस दिसलं तरी तो मागच्या कोपऱ्यात जायचा. कुआनिश चिडून शेगडीला लाथ मारायचा, स्वतःच कळवळायचा आणि परत येऊन खुर्चीवर बसायचा. रात्री फोनवर झाउरेश विचारायची, "काय म्हणतात साहेब?" तो अंगठा खाली करायचा. मग ती बोलायची. डब्यातली माणसं, कुणी कोंबडी लपवून आणली, कुणाचं लग्न मोडलं म्हणून कोण रात्रभर खिडकीशी उभा होता. कुआनिश ऐकायचा. सुरुवातीला दुसरा इलाजच नव्हता म्हणून ऐकायचा. पुढंपुढं फोन यायची वेळ झाली की तोच फोन चार्जिंगवरून काढून हातात धरून बसायला लागला.

डायरेक्टर पुन्हा सळ्यांतून कणीस खाऊ लागल्यावर कुआनिशनं पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून कणीस दारात धरलं. डायरेक्टर दारापर्यंत यायचा, मान तिरकी करून एका डोळ्यानं त्याच्याकडे बघायचा, दुसऱ्या डोळ्यानं पुन्हा बघायचा, पडताळून घेतल्यासारखा, आणि खायचा. कुआनिश दर खेपेला कणीस थोडं जवळून धरायचा. शेवटी धरायला काही उरलं नाही, तेव्हा त्यानं दाणे तळहातावर घेतले आणि हात दाराशी टेकवला. त्या हाताला चावल्याची खूण अजून होती. डायरेक्टरनं आधी ती खूणच चोचीनं तपासली. कुआनिशनं डोळे गच्च मिटले, पण हात हलवला नाही. मग तळहातावर टोचल्यासारखं झालं, गुदगुल्या झाल्या, आणि तळव्याच्या कडेवर दोन पायांचं वजन पडलं. वजन कसलं, गरम कापसाचा बोळा. कुआनिशनं डोळे उघडले. तुरा ना आडवा, ना ताठ, अर्धवट, आरामात. साहेब जेवत होते.

या वेळी मात्र तो वेळेवर उठला.

त्याच आठवड्यात मार्लेन आला, बगलेत घोड्याच्या मांसाची कझी गुंडाळून, पायांवरचं बर्फ झटकत. "आगा, कसे आहात? नाही नाही, बोलू नका! अपा, नमस्कार!" तो अपाच्या कानाशी ओरडला.

"तू कोण?" अपा म्हणाली.

"मार्लेन, अपा. आसाबा."

"आसाबा माझा मुलगा आहे. तू तो धूरवाला."

मार्लेन ओशाळून खुर्चीवर बसला आणि त्यानं हळूहळू पोटातलं ओठावर आणलं. धुराच्या यंत्रानं काम भागत नव्हतं. नवरीच्या तोंडावरचं वस्त्र दूर करताना जी कवनं म्हणायची ती त्याला फोनवर बघून म्हणावी लागायची आणि म्हाताऱ्या बायका तोंडावर सांगायच्या, कुआनिश असता तर आम्ही रडलो असतो. "काल एक आजी मला म्हणाली, तू म्हणतोस तेव्हा वाटतं विजेचं बिल वाचतोयस. आगा, तुमचा आवाज आला की मला शिकवाल? मी लग्नं परत करतो, हवं तर अर्धीअर्धी करू." तेवढ्यात त्याची नजर पिंजऱ्याकडे गेली. "अरे, कॉकाटील! माझ्या भावाकडे होता. हे असं धरायचं, बघा," आणि त्यानं उघड्या दारातून पंजा आत सारला.

डायरेक्टर किंचाळला. कुआनिश कधी उठला, कधी पोचला, त्याचं त्यालाच कळलं नाही. त्यानं मार्लेनचं मनगट पकडून हात बाहेर काढला आणि पिंजऱ्यापुढे आडवा उभा राहिला, त्या डोंगराएवढ्या देहानिशी. मार्लेन पांढरा पडला. त्याला वाटलं, लग्नं पळवल्याचा हिशोब आता चुकता होणार. "आगा, मी परत करतो म्हटलं ना! सगळी करतो!"

कुआनिशनं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं, हातात कणीस दिलं आणि खुर्ची बाजूला वळवून दाखवली. असं. तिकडे बघ. गप्प. मार्लेन कणीस धरून बर्फाकडे बघत बसला, का ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. डायरेक्टर काही आला नाही. पण कझी चांगली होती, आणि जाताना कुआनिशनं कवनांसाठी मान हलवून होकार दिला.

झाउरेश आली तेव्हा नौरूझ तोंडावर होता आणि अंगणात चिखल झाला होता. तिनं बॅग ठेवली आणि आत येऊन बघते तर नवरा चहा पितोय, पुढे तारीचा म्हणजे भाजलेल्या वरीच्या दाण्यांचा वाडगा, साय घातलेला, आणि वाडग्याच्या काठावर डायरेक्टर. एक घास नवऱ्याचा, एक साहेबांचा. ती दारातच उभी राहिली. कुआनिशनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं तो भरल्या हॉलकडे बघायचा. टाळ्या हव्या होत्या त्याला.

"ये रे, माझ्याकडे ये," झाउरेशनं डायरेक्टरला खांदा दाखवला. डायरेक्टरनं तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वाडग्याकडे पाहिलं, आणि वाडगा निवडला.

"हरामखोर," ती म्हणाली. दोघांपैकी कुणाला, ते तिनं सांगितलं नाही. दोन दिवस ती दोघांशीही फटकून वागली.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा आरसा घातला आणि म्हणाल्या, "गाठी विरल्यात. बोला, पण हळू. ओरडलात तर पुन्हा इथंच याल." कुआनिश तिथं बोलला नाही. एवढ्या दिवसांचा पहिला शब्द इस्पितळात कसला वाया घालवायचा? परतीच्या वाटेवर त्यानं शब्द शोधले. आईला उद्देशून दोन ओळी जुळवल्या, झाउरेशबद्दल एक मोठं वाक्य तयार केलं, त्यात स्टेशनंही घातली. घरी दोघी समोर बसल्या. अपानं कानावरचा रुमाल मागे सारला. डायरेक्टर सवयीनं येऊन त्याच्या मनगटावर उतरला आणि रिकामा तळहात बघू लागला.

कुआनिशनं तोंड उघडलं आणि त्याला भीती वाटली. आवाज ऐकून हा पळाला तर? खुर्चीवरचे ते सगळे दिवस, ते सगळं बर्फ? भाषण त्यानं सोडून दिलं. त्यानं खिशातून दाणे काढले, तळहात पुढे केला आणि जितकं हळू म्हणता येईल तितकं म्हणाला, "खा."

तुरा ताठ झाला. डायरेक्टरनं मान तिरकी करून त्याच्या तोंडात एका डोळ्यानं पाहिलं. मग खाली वाकून खायला लागला.

"काय म्हणाला?" अपानं सुनेला विचारलं.

"खा म्हणाला!" झाउरेश तिच्या कानाशी ओरडली.

"मी? मी जेवले की मघाशी."

त्यानंतर कुआनिश पुन्हा लग्नं करायला लागला, पण आवाज पूर्वीचा राहिला नाही. पहिल्या लग्नात मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "आगा, मयताला आलोय का आम्ही? जरा जोरात!" त्यानं माईकचं बटण वर केलं, स्वतःचा आवाज चढवला नाही. धांगडधिंगा आणि धूर मार्लेनकडे, नवरीची कवनं याच्याकडे, अशी वाटणी झाली. लोकांना ती पसंत पडली असं नाही. काहींनी सरळ शहरातून आसाबा आणला. कुआनिशच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण त्यानं घसा ताणला नाही.

एप्रिलात एक दिवस तो लग्नाला निघाला तर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी सापडेना. शेवटी कपाटावर दिसली म्हणून हात घातला आणि आतून फुस्स आलं. ओळखीचं, पण यात नवाच जोर होता. स्टुलावर चढून बघतो तर टोपीच्या पोटात डायरेक्टरसाहेब पंख पसरून बसलेले आणि त्यांच्या पोटाखाली लहानसं पांढरं अंडं.

"झाउरेश!" आवाज ताणू नये हे तो विसरला. "झाउरेश, डायरेक्टर बाई आहे!"

झाउरेशनं धावत येऊन हात घातला आणि तिचं बोट रक्ताळलं. अपाला दिसावं म्हणून तिलाच वर उचलावं लागलं. तिनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, आमलेट होईल का. मदिनाला फोन केला तर ती हसून हसून बोलेना. तिनं सांगितलं की नराशिवायचं अंडं रिकामंच असतं, पण काढून घेतलं तर ही आणखी घालत राहील, तेव्हा कंटाळेपर्यंत बसू द्या. "आता नाव बदला तिचं," ती म्हणाली.

"का बदलायचं?" झाउरेश बोट चोखत म्हणाली. "माझ्या गाडीची मुख्यसुद्धा बाईच आहे. ती तर याहून वाईट चावते."

अंडी पुढं चार झाली. डायरेक्टर टोपीतून हलेना. झाउरेशचा हात दिसला की चोच, अपाचा दिसला की चोच. तेव्हा कुआनिशच दोन वेळा स्टुलावर चढायचा, तळहातावर दाणे आणि उकडलेल्या अंड्याचा चुरा घेऊन. अंड्यावर बसलेलीला अंडंच भरवायचं, हे त्याला जरा विचित्र वाटायचं, पण मदिनानं सांगितलं होतं. डायरेक्टर फुस्स करायची, मग हात ओळखायची आणि खायची.

"काल कुठवर आली होती गाडी?" तो हात तसाच धरून खाली उभ्या बायकोला विचारायचा. झाउरेश स्टूल धरून उभी असे, कारण स्टुलाचा एक पाय कमजोर होता आणि नवरा डोंगराएवढा. ती त्या स्टेशनापासून पुढे सांगायला लागायची. कुआनिश त्या वसंतात सगळ्या लग्नांना बोडक्या डोक्यानं गेला.